उर्सुलाबाईंचे अकरा सेकंद

अन्याय झाला तो उर्सुलाबाईंवर. मंगळवार, २० ऑक्टोबर २०२०, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. ईमेलने. ईमेल तीन ओळींची होती आणि त्यातली एक ‘काळजी घ्या’ अशी होती, म्हणजे कामाच्या ओळी दोनच. नाटकं बंद आहेत, सबब नाट्यसमीक्षेचा कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत स्थगित. पन्नासहून जास्त वर्षं रेडिओवर नाटकांबद्दल बोलत आलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आमच्या स्टेशनने असं दोन ओळींत घरी बसवलं. फोनसुद्धा केला नाही.

दुसरा अन्याय झाला बुधवार, १८ नोव्हेंबरला. तोही उर्सुलाबाईंवरच, आणि तो मी केला. त्याची हकीकत पुढे सांगते. टाळणार नाही.

मी ऋजुता. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. मेसमधल्या पाणचट वरणावर, फीवाढीवर, मुलींच्या होस्टेलला आठ वाजता लागणाऱ्या कुलपावर. पत्रकाचं तंत्र सोपं असतं. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं, मधे जागा उरेल तसं. एकदा आमच्या छपाईवाल्याने प्राचार्यांचं नाव असलेली एक ओळ घाबरून परस्पर गाळली, तर आम्ही त्याच्या दुकानासमोर अख्खी दुपार ठिय्या देऊन बसलो. ‘एक ओळ गाळणारा सगळंच गाळतो’ ही त्या दिवशीची घोषणा माझी होती. आवाजही माझाच सगळ्यात मोठा होता. हे लक्षात असू द्या, पुढे मला फार महागात पडणार आहे.

मास्टर्स करायला डब्लिनला आले, संपल्यावर राहिले, आणि ड्रोहेडाच्या बाजूला एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर नोकरीला लागले. कम्युनिटी रेडिओ म्हणजे गावाचा स्वतःचा रेडिओ. हरवलेल्या कुत्र्यांची वर्णनं, शाळेच्या मॅचचे निकाल, कोणाच्या तरी काकांचं अकॉर्डियन. माझं काम आवाज धरायचा, स्वच्छ करायचा आणि वेळेवर सोडायचा. राहायला ॲडम्सटाउनला, म्हणजे डब्लिनला गाडी बदलून रोजचा लांबचा प्रवास. घरच्यांना मी ‘मीडियात आहे’ असं सांगितलं होतं. आई अजून नातेवाइकांना ‘ऋजुता तिकडे बातम्या देते’ असं सांगते. मी कुत्री शोधून देते, आई.

पहिल्याच आठवड्यात स्टुडिओत एक उंच, सरळ पाठीच्या बाई आल्या. ओला रेनकोट दाराच्या मुठीला अडकवला, माइकसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘तू नवीन. घड्याळ तुझं धरायचं की भिंतीवरचं?’’

‘‘भिंतीवरचं सात सेकंद पुढे आहे,’’ मी म्हटलं.

‘‘अखेर कोणीतरी लक्ष देणारं आलं,’’ त्या म्हणाल्या. तिथून आमचं जमलं.

त्या अर्थात इंग्रजीत बोलायच्या, आणि इंग्रजीत अहो-अगं काही नसतं. पण मनातल्या मनात मी पहिल्या दिवसापासून त्यांना उर्सुलाबाई म्हणायला लागले, आणि त्या मला ‘अगं’ म्हणतात असंच मला ऐकू यायचं. तसंच लिहिते.

उर्सुलाबाई जर्मनीतल्या एका लहान शहराच्या रेडिओवर टायपिस्ट होत्या. बाविसाव्या वर्षी, तिथल्या समीक्षकांना गालगुंड झाले म्हणून, ‘जाऊन बघून ये, आम्ही वाचून दाखवू’ असं सांगून त्यांना नाटकाला पाठवलं. त्यांनी लिहून आणलं, पण वाचायला कोणी मोकळं नव्हतं, म्हणून मग स्वतःच माइकवर बोलल्या. नाटकात राजा मरतो. बाईंनी सांगितलं की राजा उत्तम मेला, परंतु मरायला चालत जाताना त्याचे बूट कुरकुरत होते आणि मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांचं लक्ष बुटांकडे होतं. दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाचे संचालक फोनवर खवळले. तिसऱ्या दिवशी राजाला नवे बूट आले.

‘‘तेव्हा मला कळलं,’’ उर्सुलाबाई सांगायच्या, ‘‘की रेडिओवरून बूट बदलता येतात. आणखी काय काय बदलता येईल ते बघायचं मी ठरवलं.’’

एका आयरिश नाटकाबद्दल बोलायला म्हणून त्या एका आठवड्यासाठी इथे आल्या आणि परत गेल्याच नाहीत. वर्षानुवर्षं इथल्या नाटकांची समीक्षा टेलिफोनवरून जर्मन रेडिओला सांगत राहिल्या. घरी टेलिफोन बसायच्या आधी पबमधल्या फोनवरून सांगायच्या. पबचा मालक भर दुपारी पेल्यावर चमचा वाजवून ओरडायचा, ‘‘गप्प बसा सगळे, जर्मनी ऐकतंय!’’ आणि चार मिनिटं अख्खा पब श्वास धरून बसायचा. तिकडची नोकरी संपल्यावर त्यांनी आमच्या स्टेशनवर दर बुधवारी चार मिनिटं घेतली. बिनपगारी. मोठ्या शहरातलं मोठं नाटक असो नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये खाटीक, पोस्टमन आणि शाळेतल्या बाईंनी बसवलेलं असो, चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं आणि फूटपट्टी तीच.

आता धंद्याच्या गोष्टी. आपल्याकडे समीक्षक म्हटलं की झब्बा आणि ‘आशयघन’ हा शब्द डोळ्यांसमोर येतो. उर्सुलाबाईंचं काम सुताराच्या जवळचं होतं. पहिल्या प्रयोगाला त्या कधी जायच्या नाहीत, कारण पहिल्या प्रयोगाला नटांचे नातेवाईक येतात. नेहमी दुपारचा प्रयोग, शेवटून तिसरी रांग, कडेची खुर्ची. अंधारात लिहिता यावं म्हणून एका पानावर मोठ्या अक्षरात एकच शब्द. आणि खोकले मोजायच्या. ‘‘माणूस नाटकाच्या आत असला की खोकत नाही,’’ त्या म्हणायच्या. ‘‘खोकला म्हणजे दार उघडून बाहेर आलेला माणूस.’’ माइकवर पहिलं अर्धं मिनिट श्रोत्याला त्या हॉलमध्ये नेऊन बसवण्यात जायचं: खुर्ची कशी करकरते, हीटर कुठे गुणगुणतो. मध्यंतरानंतरची गोष्ट सांगायची नाही. आणि नाटकवाल्यांकडून काही घ्यायचं नाही, प्रयोगाआधी चहासुद्धा नाही.

लेटरकेनीपलीकडच्या एका गावातल्या हौशी मंडळींच्या नेपथ्यात एक दार होतं. कोणी आपटलं की अख्खी भिंत हलायची. बाईंनी रेडिओवर सांगितलं की प्रयोगभर सगळ्यात घाबरलेला कलाकार म्हणजे ते दार. ज्याने ते केलं होतं त्या सुताराने वर्षभर राग धरला आणि पुढच्या वर्षी स्टेशनला फोन करून म्हणाला, ‘‘तुमच्या त्या बाईला सांगा, या आणि माझं दार ऐका.’’ बाई गाडी काढून गेल्या. तिकडे गाडीशिवाय काही होतच नाही. प्रयोग संपल्यावर स्टेजवर चढल्या, दार तीनदा आपटलं आणि म्हणाल्या, ‘‘ग्रँड.’’ आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ म्हणजे चालेल, ठीक आहे, मेलो नाही. पण सुतार रडला म्हणे.

सगळंच असं गोड नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हॉलमधल्या तरुण नटीला त्यांनी ‘सपाट’ म्हटलं आणि पुढे गेल्या. मग एकदा ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात रक्तदाब मोजताना नर्स शांतपणे म्हणाली, ‘‘सपाट ती मीच. तुमचं चूक नव्हतं. पण काय करायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी सोडून दिलं.’’ बाईंचा रक्तदाब त्या दिवशी काय निघाला कोण जाणे. त्यानंतर त्यांनी नियम केला: दोष सांगायचा तर तो कसा निघेल तेही त्याच दमात सांगायचं, नाहीतर तोंड बंद ठेवायचं. मला ही गोष्ट सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मार्च २०२० मध्ये नाटकं बंद झाली. सत्तरीच्या वरच्यांना सरकारने घरातच राहायला सांगितलं. उर्सुलाबाई एकट्या राहायच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरात स्टुडिओ शोधून काढला. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटाला हॉट प्रेस. त्यात टॉवेल आणि चादरी रचलेल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. टाकीला पाठ लावून, मांडीवर माइक घेऊन चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई कपाटात बसायच्या आणि जुन्या वह्यांमधली नाटकं पुन्हा उभी करायच्या. मला वाटतं, आमच्या स्टेशनवरून इतका स्वच्छ आवाज कधी गेला नव्हता.

आणि मग ऑक्टोबरची ती ईमेल.

मी लगेच त्यांना फोन केला. ‘‘ग्रँड,’’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘बाविसाव्या वर्षापासून मी आठवड्यातून चार मिनिटं अनोळखी माणसांशी बोलत आले. आता किटलीशी बोलेन. पण किटली खोकत नाही गं.’’

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला तर आवाज फाटलेला. मला वाटलं आजारी पडल्या. म्हणाल्या, ‘‘नाही, सकाळपासून हे पहिलंच वाक्य आहे.’’ दुपारचे साडेतीन वाजले होते.

मी पेटले. पत्रक लिहिलं, ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. सह्या आल्या तीन: मी, माझी रूममेट आणि लेटरकेनीपलीकडचा सुतार. मग सरळ स्टेशनचा मॅनेजर डेक्लन, त्यालाच धरलं. डेक्लन वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

‘‘ऐक,’’ तो म्हणाला, ‘‘मॅच नाही तर मॅचचं वर्णन नाही. नाटक नाही तर समीक्षा कशाची? जुन्या वह्यांची?’’

‘‘आणि नाटक आणलं तर?’’

‘‘जिवंत नाटक, खरे प्रेक्षक, आणि पोलीस येता कामा नयेत. आण, आणि चार मिनिटं घे. एकदा. लोकांनी ऐकलं असं दिसलं तर पुढचं बघू.’’

त्याने चेष्टेत म्हटलं होतं. त्याला आमचे प्रमोददादा माहीत नव्हते.

प्रमोददादा आमच्या ॲडम्सटाउनच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आयटीत आहेत, पण ते पोटासाठी. खरा पिंड नाटकाचा, असं ते स्वतः सांगतात. मला इथे खोली त्यांनी मिळवून दिली. सप्टेंबरमध्ये मला कोविड झाला तेव्हा चौदा दिवस रोज दाराशी डबा ठेवून, बेल वाजवून, मागे सरकून ‘‘मूगडाळ खिचडी! तूप वेगळं आहे!’’ असं ओरडून जायचे. अशा माणसाबद्दल वाईट कसं लिहायचं? कळेलच.

दिवाळीला हॉल मिळणार नव्हता, एकमेकांच्या घरी जायला बंदी होती. पण आमच्या इमारती चौकाभोवती समोरासमोर आहेत. दादांनी डोकं लढवलं: नट आपापल्या घरच्या खिडकीत, प्रेक्षक आपापल्या घरच्या खिडकीत. कोणी कोणाकडे जात नाही, कायदा कुठेच मोडत नाही. एकांकिकाही त्यांनीच लिहिली. कुरिअरवाला फराळाचं पार्सल चुकीच्या घरी देतो आणि दोन शेजाऱ्यांत चकल्यांवरून महायुद्ध होतं. शनिवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दुपारी अडीचला प्रयोग, कारण नोव्हेंबरमध्ये साडेचारला इथे दिवस मिटतो.

मी दादांना सांगितलं की रेडिओवरच्या जर्मन समीक्षक बाई आपलं नाटक फोनवरून ऐकतील आणि त्यावर बोलतील. कामावर जाणारे सोडून सगळ्यांना प्रवासाला पाच किलोमीटरची मर्यादा होती, त्यामुळे त्यांना येणं शक्यच नव्हतं. दादा हरखले. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी फक्त मराठी मंडळाचा अध्यक्षच करू शकतो: प्रयोगाच्या आधीच समीक्षकाचा सत्कार. पोस्टाने. शाल, श्रीफळ आणि ‘आपल्या प्रोत्साहनपर शब्दांबद्दल आगाऊ आभार’ अशी चिठ्ठी.

गुरुवारी मला उर्सुलाबाईंचा फोन. ‘‘एक पातळ ब्लँकेट आलंय. आणि घोडा.’’

‘‘घोडा?’’

फोनमधून टाप्-टाप्, टाप्-टाप् असा दौडत येणारा घोडा ऐकू आला. श्रुतिका करणाऱ्या कुठल्याही रेडिओवाल्याला विचारा, नारळाच्या करवंट्या लाकडावर आपटल्या की घोडा होतो. बाईंनी श्रीफळ फोडून, खोबरं खाऊन, करवंट्या वाळवत ठेवल्या होत्या. ‘‘माझा जुना घोडा फुटलाच होता. तुझ्या मंडळींना कसं कळलं गं?’’

मी सत्कार म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या गंभीर झाल्या. ‘‘म्हणजे हे नाटकवाल्यांकडून आलंय?’’ शाल दुसऱ्या दिवशी पोस्टाने परत निघाली. नारळ परत करण्याच्या पलीकडे गेला होता.

प्रयोग झकास झाला. वारा होता, कंदील आडवे झाले होते, आणि मी खिडकीच्या चौकटीला फोन बांधून उभी होते. तिकडे बाई कपाटात, कानाला हेडफोन. समोरच्या तळमजल्यावरचे आयरिश आजोबा-आजी खुर्च्या खिडकीशी ओढून बसले होते आणि चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होते. मुलीचं काम करणारी आठ वर्षांची ईरा ऐन वेळी मराठी वाक्य विसरली आणि ठसठशीत डब्लिनी इंग्रजीत ओरडली, ‘‘मॅम, कुरिअर इज आफ्टर लीव्हिंग इट नेक्स्ट डोअर!’’ म्हणजे आई, कुरिअरवाला आत्ताच शेजारी ठेवून गेला. अख्खा चौक हसला, आजोबांची टाळी पहिल्यांदा बरोबर जागी पडली. तिसऱ्या खिडकीत प्रमोददादा होते, चिडक्या शेजाऱ्याच्या भूमिकेत. लांबलचक स्वगत त्यांनी एकदाही न अडखळता म्हटलं. सगळ्यांनी वाहवा केली.

सोमवारी उर्सुलाबाईंचं रेकॉर्डिंग आलं. चार मिनिटं, नेमकी. सुरुवातीलाच कबुली: ‘‘मला या मंडळींनी एक नारळ दिला. तो मी अज्ञानाने खाल्ला. उरलं ते हे,’’ आणि घोडा दौडत गेला. ‘‘आता मला विकत घेतलं गेलंय की नाही ते तुम्हीच ठरवा.’’ मग वारा, खिडक्यांच्या बिजागऱ्या, कुठल्याशा मजल्यावरचा तळणीचा चर्र आवाज. भाषा येत नाही, ऐकू आलं तेवढंच सांगते, असं म्हणून ईराबद्दल बोलल्या: ‘‘त्या मुलीने वाक्य हरवलं आणि तिथल्या तिथे दुसरं शोधलं. यालाच नाटक म्हणतात.’’ आणि शेवटाकडे हे:

‘‘तिसऱ्या खिडकीतले गृहस्थ वाचत होते. मला कागद ऐकू आला. चार पानं, तीनदा उलटली. वाक्यं ज्याने लिहिली त्याला तरी कागद नको. खाली ठेवावा आणि विसरायची भीती बाळगावी. ती भीतीच ऐकायला आम्ही येतो.’’

अकरा सेकंद. मी स्क्रीनवर आवाजाच्या आलेखाचा तो डोंगर बघत बसले. दादा खिडकीच्या कठड्याखाली कागद धरून वाचत होते. समोरच्या कोणाला दिसला नव्हता. आणि आता बुधवारी अख्ख्या मंडळाने, मीच लिंक पाठवल्यामुळे, हे ऐकायचं? मूगडाळ खिचडी. तूप वेगळं. शिवाय डेक्लनची एकच संधी. लोक चिडले तर बाईंचा कार्यक्रम कायमचा जाईल. मी स्वतःला म्हटलं, हे मी त्यांच्यासाठीच करतेय. छपाईवालाही मनाशी तेच म्हणाला असणार.

मी कापलं. टोकं इतकी सफाईने जोडली की कोणाला शंका येऊ नये. अकरा सेकंद भरायला शेवटी घोडा परत सोडला. बुधवारी गेलं. मंडळाच्या ग्रुपवर फुलांचा पाऊस. दादांनी लिहिलं, ‘जर्मनीने दखल घेतली!!’

स्टेशनला मात्र एकही फोन आला नाही. डेक्लन म्हणाला, ‘‘छान होतं. पण कोणी ऐकलं का?’’

दहा मिनिटांनी उर्सुलाबाईंचा फोन. ‘‘अकरा सेकंद कुठे आहेत?’’

‘‘वेळेत बसत नव्हतं,’’ मी म्हटलं.

‘‘वेळेत बसवायला घोडा दोनदा लागत नाही. आणि तू कापलंस तिथे मी श्वास घेतला होता. आता मी तिथे सलग बोलते. मी माणूस आहे, मला श्वास लागतो.’’

मग मी सगळं ओकले. खिचडी, डबा, चौदा दिवस, डेक्लन. त्या ऐकत होत्या. मला वाटलं विरघळतील.

‘‘स्टेशनने माझी चार मिनिटं काढून घेतली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण माझ्या तोंडी दुसरं काही घातलं नाही. ते तू केलंस. खिचडीची परतफेड खिचडीने कर. माझ्या वाक्यांनी नाही.’’ आणि फोन ठेवला. ‘ग्रँड’ सुद्धा म्हणाल्या नाहीत.

त्या दिवशी स्वतःच्या दारासमोर ठिय्या द्यायची सोय असती तर मी बसले असते.

दुसऱ्या दिवशी डेक्लनकडे गेले, केलं ते सांगितलं आणि पुढच्या बुधवारचं एक मिनिट मागितलं. तो म्हणाला, ‘‘चूक केलीस म्हणून जास्त वेळ मागतेस? धीट आहेस. घे.’’ मग प्रमोददादांच्या दाराशी खिचडीचा डबा ठेवला, बेल वाजवली, मागे सरकले आणि त्यांनी दार उघडल्यावर सांगितलं की बुधवारी काय लागणार आहे. दादांनी डबा उचलला, दार लावलं.

२५ नोव्हेंबरला मी थेट प्रक्षेपणात म्हणाले, ‘‘गेल्या आठवड्यात समीक्षेतली काही वाक्यं गाळली होती. ती मी गाळली. ती अशी होती.’’ आणि कपाटातून उर्सुलाबाई, थेट, श्वासासकट, अकरा सेकंद.

दुपारी ग्रुपवर दादांचा संदेश पडला, ठळक अक्षरांत: ‘हा मंडळाचा अपमान आहे. सर्व सदस्यांनी रेडिओ स्टेशनला फोन करून तीव्र निषेध नोंदवावा.’ खाली नंबर.

मंडळाने नोंदवला. माझ्या पत्रकाला तीन सह्या मिळवताना नाकी नऊ आले होते. दादांच्या एका संदेशावर स्टेशनची लाइन दुपारभर मोकळी मिळेना. डेक्लन केस धरून बसला होता. ‘‘काय करून ठेवलंस? इतके फोन हरवलेल्या कुत्र्याला नाही आले कधी!’’ निषेधही कसले? एक काकू म्हणाल्या, ‘‘वुई आर व्हेरी अँग्री. अँड व्हॉट डिड शी थिंक ऑफ माय व्हॉइस? सेकंड विंडो.’’ एका गृहस्थांनी निषेध नोंदवून पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारलं. तळमजल्यावरच्या आजोबांनीही फोन केला: कागद त्यांना पहिल्यापासून दिसत होता, खालून सगळं दिसतं.

दादांच्या घरात मात्र वेगळीच फळी फुटली. त्यांच्या आई कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, विमानं बंद झाल्याने अडकलेल्या. त्यांनी माझ्या आणि सुनेच्या देखत, आपापल्या दारात अंतर राखून, निकाल दिला: ‘‘कशाला वरडतोस रं? व्हता की कागुद तुझ्या हातात. मी मागंच हुते. त्या बाईला न बघता कळलं, तुला हातात धरून कळंना?’’

दादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दाराशी डबा, आत दोनच चकल्या. ते मी युद्धविराम समजले.

डेक्लनने उर्सुलाबाईंना या वेळी ईमेल केली नाही, फोन केला. चार मिनिटं परत, दर बुधवारी, ‘पुढील सूचनेपर्यंत’ वगैरे काही नाही. ‘‘लोक ऐकतात असं दिसतंय,’’ तो म्हणाला. ‘‘रागावून का होईना.’’ तिकडून काय उत्तर आलं ते मला माहीत आहे, कारण तो फोन ठेवून हसत म्हणाला, ‘‘ग्रँड म्हणे.’’

बाईंनी मला माफ केलं का? विचारायची छाती झाली नाही. पुढच्या सोमवारी रेकॉर्डिंग आलं, त्यासोबत एक ओळ: ‘यात सदतीस श्वास आहेत. मोजले आहेत.’ मी सगळे पोचवले.

गुढीपाडव्याला, एप्रिल २०२१ मध्ये, दादांनी तीच एकांकिका पुन्हा लावली. खिडक्या त्याच. तिसऱ्या खिडकीत ते दोन्ही हात बाहेर काढून उभे, तळवे वर करून, चौकाला दाखवत की बघा, रिकामे आहेत. स्वगतात एकदा अडकले. शांतता. एकही खोकला नाही. मग मागून आईंचा आवाज, ‘‘चकलीचं बोल की!’’ आणि गाडी सुटली. बुधवारी उर्सुलाबाई म्हणाल्या, ‘‘कागद नव्हता. माणूस विसरला आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर थांबलो. ती अख्ख्या नाटकातली सर्वोत्तम जागा. आता स्वगत निम्मं करावं.’’ दादांनी ते रेकॉर्डिंग आपल्या फोनची रिंगटोन करून ठेवलंय. शेवटचं वाक्य सोडून. मी काही बोलत नाही. स्वतःच्या फोनवर माणसाने काय कापावं हा त्याचा प्रश्न.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी नाटकांचे हॉल पुन्हा उघडले. खुर्च्या लांब लांब, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. दुपारचा प्रयोग, शेवटून तिसरी रांग. उर्सुलाबाई कडेला, मी दोन खुर्च्या सोडून. दिवे मालवले आणि पुढून कोणीतरी खोकलं. दीड वर्षात ज्या आवाजाने लोक लांब पळायचे, तो ऐकून बाई अंधारात माझ्याकडे बघून हसल्या. वहीत मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं. नंतर मी पाहिलं. ‘प्रेक्षक.’

हा लेख प्रमोददादांना आधी वाचायला दिला होता. त्यांनी एक परिच्छेद काढायला सांगितला. तो लेखात तसाच आहे.

आता शेवटची ओळ, पत्रकाच्या तंत्राप्रमाणे, तुमच्यासाठी. या दिवाळीत तुमच्या मंडळाचा कार्यक्रम असेलच. शाल घरी ठेवा, नारळ फोडून खा. शेवटून तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची अशा माणसासाठी राखून ठेवा जो तुमचा कोणी लागत नाही. त्याला काय ऐकू आलं ते विचारा, सगळ्यांसमोर विचारा, आणि त्याचा एक श्वासही कापू नका. आणि तुम्ही स्वतः स्टेजवर असाल तर, कृपा करून, तो कागद खाली ठेवा.